सेवा करणाऱ्याचा विसावा

शास्त्रपाठ : मार्क ६:३०-४६



ह्या शास्त्रपाठातील प्रसंगापूर्वी प्रभूने आपल्या बारा शिष्यांस दोघे दोघे करून गावोगाव पाठविले होते. ते उपदेश करून व दुखणाइतांस बरे करून परत आले आणि आपण काय केले व काय शिकविले हे त्यांनी त्यास सांगितले. त्याच सुमारास बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची वार्ताही येऊन पोहोचली होती. म्हणजे हे शिष्य अंगाने थकलेले होते आणि मनानेही जड झालेले होते. त्यात येणाऱ्याजाणाऱ्यांची रीघ इतकी की त्यांस घासभर खावयाची सवड नव्हती, असे मार्क सांगतो. अशा वेळी प्रभूने त्यांस आणखी काम लावले नाही. कापणी केवढी मोठी आहे हे त्यास ठाऊक नव्हते असे नाही. तथापि त्या दिवशी त्याने त्यांस माणसांच्या गर्दीतून बाजूला काढले, नावेत बसविले आणि एकांत जागेकडे नेले. हेतू एवढाच की, त्यांनी थोडा वेळ श्रम टाकून स्वस्थ बसावे.

ह्या पाठावर बोलताना आपण बहुधा पाच भाकरी व दोन मासे ह्यांकडे धावतो. आज आपण त्या किनाऱ्यावर उतरण्याची घाई न करिता थोडे नावेतच बसू या.

गालीलाचा समुद्र म्हणजे वस्तुतः गोड्या पाण्याचे एक सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर व रुंदी सुमारे १३ किलोमीटर आहे. १९८६ साली अवर्षणाने त्याचे पाणी मागे हटले, तेव्हा चिखलात रुतलेली एक जुनी नाव सापडली. ती प्रभूच्या काळाच्या आसपासची आहे असे विद्वानांनी ठरविले आहे. ती सुमारे २७ फूट लांब व साडेसात फूट रुंद आहे. शिष्यांची नाव हीच होती असे कोणी म्हणू शकत नाही. पण तशाच एखाद्या नावेत प्रभू व बारा शिष्य मिळून तेरा माणसे बसली असतील, तर पाय पसरावयासही जागा उरली नसेल. आणि पलीकडे पोहोचतात तो लोक पायी धावत जाऊन आधीच किनाऱ्यावर उभे! म्हणजे त्या दिवशी शिष्यांस जो विसावा लाभला तो बहुतेक त्या नावेतील प्रवासापुरताच. तरी प्रभूस तो क्षुल्लक वाटला नाही. घटकाभराचा विसावाही तो मोलाचा मानितो.

आता हे वचन आज कोणाच्या दारी जाते ते पाहू. उपदेशक, पाळक व शिक्षक ह्यांच्यासाठी ते आहेच. परंतु आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत आणखी एक सेवक आहे. त्याचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही व त्यास वेतन मिळत नाही. ज्या घरात कोणी अर्धांगवायूने, वार्धक्याने किंवा मन भ्रमिष्ट झाल्याने अंथरुणास खिळले आहे, त्या घरातील शुश्रूषा करणारे माणूस ते हेच. बहुधा ती सून असते, कधी मुलगी, कधी पत्नी, क्वचित मुलगा. ज्याचे अंग निर्जीव झाले आहे त्यास दिवसा व रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला व माकडहाडाला जखमा पडतात. त्यास ताठ बसवून लहान लहान घास भरवावे लागतात, नाहीतर अन्न श्वासनळीत जाते. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, मलमूत्र काढणे, औषधाची वेळ सांभाळणे, आणि ह्यांशिवाय चूल, गोठा, मुले व शेत आहेतच. ज्यास घासभर खावयाची सवड नाही असा शिष्य पाहावयाचा असेल, तर गालीलास जाण्याचे कारण नाही. आपल्याच मंडळीतील चार घरांत डोकावले म्हणजे पुरे.

अशा माणसास आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, "धन्य तिची! किती सेवा करिते!" आणि घरी जातो. स्तुती करणे स्वस्त असते. पण तीच जर म्हणाली, "मला आठ दिवस माहेरी जाऊन यावेसे वाटते," तर आपली स्तुती तत्काळ आटते.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. विसावा ही प्रभूची आज्ञा आहे. तो मागून घेतलेली सवलत नव्हे. चवथी आज्ञा वाचून पाहा. तेथे घरधन्याबरोबर दास, दासी व गुरेढोरे ह्यांचीही गणना केली आहे. निर्गम २३:१२ येथे तर बैलाचा, गाढवाचा, दासीच्या मुलाचा व परक्याचा विसावा हे त्या दिवसाचे कारणच सांगितले आहे. आपले शेजारी बेंदराच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. आपणही भर उन्हात बैल सोडतो व त्यास सावलीत बांधतो. मग बैलाचा खांदा ज्यास कळतो त्या शेतकऱ्यास आपल्या सुनेचा खांदा का कळू नये?

एलीयाचेही स्मरण करा. तो रानात झुडुपाखाली पडून मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्यास धाक घातला नाही, विश्वास कमी पडला असे म्हटले नाही. दूताने त्यास उठवून भाकर व पाणी दिले आणि पुनः निजू दिले. दुसऱ्यांदा उठविले तेव्हाही आधी अन्न, आणि मग पुढचा प्रवास. उपदेश त्यानंतर, होरेब डोंगरावर. थकलेल्या सेवकास देवाने पहिल्याने जे औषध दिले ते झोप व जेवण हे होते. आपण मात्र थकलेल्या बाईस दोन वचने ऐकवून उठतो.

दुसरी गोष्ट. विसावा घेणे म्हणजे टाकून जाणे नव्हे. येथे सावध राहिले पाहिजे, कारण विसाव्याच्या नावाखाली कर्तव्य झुगारणारेही असतात. जे 'कुर्बान' असे म्हणून आपल्या आईबापांचा भार अंगावरून झटकीत होते, त्यांस प्रभूने कठोर शब्दांनी दोष दिला (मार्क ७:९-१३). शहरात जाऊन बसलेले व सणासुदीस पैसे पाठवून आपले काम झाले असे मानणारे मुलगे ह्या वचनासमोर उभे राहोत. परंतु ज्याने हे कठोर शब्द बोलले त्याचीच दुसरी कृती पाहा. वधस्तंभावर असता त्याने आपल्या आईस आपल्या आवडत्या शिष्याच्या हाती सोपविले, आणि त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले (योहान १९:२६-२७). प्रभूने आपली आई दुसऱ्याच्या हाती दिली, ह्यास कोणी टाकणे म्हणेल काय? विश्वासू हातांत सोपविणे हेही प्रीतीचेच काम आहे.

ह्याचे एक उदाहरण सांगतो. वारणेच्या काठच्या एका खेड्यात आपल्या मंडळीतील एक भगिनी आहे. तिचे माहेर वेंगुर्ल्याचे. आंब्याकाजूंच्या झाडांत, लाटांचा आवाज रात्रंदिवस ऐकत ती वाढली, आणि लग्न होऊन घाटावर आली. पाच वर्षांपूर्वी तिच्या सासूबाईंस अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचाही बहुतेक गेली. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जातो. चार वर्षे ही भगिनी एक रात्रही सलग निजली नाही व एकदाही माहेरी गेली नाही. रविवारच्या उपासनेत ती शेवटल्या ओळीत, दाराशी बसत असे, ह्यासाठी की मध्येच उठून घरी जाता यावे.

मागल्या वर्षी जानेवारीत तिच्या म्हाताऱ्या आईचा निरोप आला की, एकदा येऊन जा. तिने तो कोणास सांगितला नाही. सांगितला तो नवऱ्याने, आणि सांगताना सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी डाव्या हाताने खाटेखालच्या ट्रंकेकडे बोट केले व मग दाराकडे. सून पाहत राहिली. त्यांनी पुनः ट्रंकेकडे बोट केले. अशी परवानगी मिळाली.

तरीही गावात बोलणारे बोलले, आणि खेदाची गोष्ट ही की आपल्याच मंडळीतील एक बाई म्हणाली, "सासूला अंथरुणावर टाकून समुद्राची हवा खायला चालली!" परंतु तेथील उपदेशक व बायबलबाई ह्यांनी चार भगिनींस एकत्र केले. त्यांत ही बोलणारी बाईही त्यांनी मुद्दाम घेतली. दोन दिवस सुनेने त्या चौघींस सर्व काही शिकविले. कुशीवर कसे वळवावयाचे, उशी कोठे ठेवावयाची, घास केवढा द्यावयाचा हे सांगितले. आणि सासूबाईंनी डोळे दोनदा मिटले म्हणजे पाणी हवे असे समजावे, हेही सांगितले. उपदेशकाने एका कागदावर पाळ्या लिहून तो खाटेजवळच्या भिंतीस लावला. मग ती एस. टी.ने आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून दहा दिवसांसाठी गेली.

माहेरी गेल्यावर काय झाले हे तिनेच पुढे मंडळीत सांगितले. पहिल्या दोन रात्री ती दर दोन तासांनी दचकून उठे आणि अंधारात हात पुढे करी. हातास खाट लागेना, म्हणजे ती घाबरून उठून बसे. तिची आई शेजारीच होती. सत्तरी उलटलेली ती माउली उशाशी बसून म्हणाली, "तू नीज गो बाय. मी जागी आसंय." तिसऱ्या रात्री ती निजली ती थेट उजाडेपर्यंत. ती म्हणाली, "मी स्तोत्र १२१ लहानपणापासून पाठ म्हणते. इस्राएलाच्या रक्षकास डुलकी लागत नाही व झोप येत नाही, हे मला ठाऊक होते. पण तो जागा आहे म्हणून मी निजावे, हे मला त्या रात्री कळले."

बंधुभगिनींनो, ह्यात मोठा बोध आहे. सेवा करणाऱ्याच्या मनात हळूहळू एक विचार घर करितो की, माझे डोळे मिटले तर सर्व बुडेल. तो विचार प्रीतीतून उगवतो हे खरे. तथापि वाढता वाढता तो देवाच्या सिंहासनापर्यंत जातो. रोग्याचा पहारेकरी तू नाहीस. तू त्या पहारेकऱ्याची चाकर आहेस, आणि तो तुझ्या निजण्याच्या वेळीही कामावर आहे.

ह्या विश्वासाची परीक्षा सहाव्या दिवशी झाली. सासूबाईंस ताप भरला. चौघी भगिनी घाबरल्या. त्यांनी डॉक्टरांस बोलाविले, औषध सुरू केले आणि सुनेस दूरध्वनीवरून खरे ते कळविले; लपविले नाही. तिने लागलीच पिशवी भरली. मग तिने विचारले, "डॉक्टर काय म्हणाले?" ताप साधा आहे असे कळले. "त्यांस काय हवे?" असे तिने विचारले, तेव्हा नवऱ्याने आईस विचारून सांगितले की, तिने हाताने 'नको' म्हटले, येऊ नको असे. ती पिशवी दारात ठेवून कितीतरी वेळ उभी होती. मग ती समुद्रावर गेली.

त्या सकाळी तेथे रापण ओढली जात होती. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाने सोडितात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते दोर हळूहळू ओढीत जाळे वाळूवर आणितात. पुरुष, बाया, पोरे, सर्व हात लावितात, आणि ओढणाऱ्यांस मासळीचा वाटा मिळतो. एकटा माणूस, मग तो कितीही बळकट असो, रापण ओढू शकत नाही. तिने ती लहानपणी शंभर वेळा पाहिली होती. त्या दिवशी ती वाळूत बसून पाहत राहिली आणि म्हणाली, "प्रभू, मी चार वर्षे दोर्‍या दोन्ही हातांत धरून एकटीच ओढीत होते. आता दुसऱ्यांनी हात लाविला आहे, तर मला सोडावयास शिकव." तिने पिशवी परत घरात नेली. माहेरी जाण्यापेक्षा तेथे राहणे तिला अधिक कठीण गेले, आणि माझ्या मते त्या राहण्यात तिचा विश्वास अधिक दिसून आला. दोन दिवसांनी ताप उतरला. दहावा दिवस संपला तेव्हा ती परत आली.

सासूबाई बऱ्या झाल्या काय? नाही. त्या आजही अंथरुणावरच आहेत, आणि ती भगिनी आजही त्यांची शुश्रूषा करीत आहे. पण मंडळीत दोन गोष्टी पालटल्या. जी बाई बोलली होती तिने रात्रीची पहिली पाळी केली, आणि सकाळी ती उपदेशकाकडे येऊन म्हणाली, "मी एक रात्र केली तर माझे अंग मोडले. तिने चार वर्षे केली." आता ती दर गुरुवारी दुपारी आपण होऊन त्या घरी जाते. आणि ती सून आता दाराशी बसत नाही. रविवारी चौघींपैकी एक जण घरी थांबते व ती उपासना संपेपर्यंत बसते.

ह्यावरून तिसरी गोष्ट निघते. सेवकाचा विसावा मंडळीच्या हाती आहे. कफर्णहूमास एका पक्षघाती मनुष्यास चौघांनी उचलून प्रभूकडे आणिले (मार्क २:३). एका खाटेस चार माणसे. मार्क ही संख्या मुद्दाम सांगतो. दोघेच असते तर ते दारातील गर्दी पाहून परत फिरले असते. चौघे होते म्हणून छप्पर उघडून खाट खाली सोडता आली. आणि प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला असे लिहिले आहे. त्याचप्रमाणे मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन व हूर ह्यांनी एकेका बाजूने ते धरून ठेविले, आणि त्यास बसावयास धोंडा दिला (निर्गम १७:१२). लक्षात घ्या, देवाच्या माणसाचेही हात जड होतात. त्यात लाज नाही. लाज आहे ती जवळ उभे राहून नुसते पाहणाऱ्या अहरोनाची.

जगातील लोकही हे जाणतात. केरळ राज्याने २००८ साली दीर्घ दुखण्याने पिडलेल्यांच्या शुश्रूषेविषयी धोरण ठरविले, आणि तेथे शेजारीपाजारी शिकून तयार होऊन अशा रोग्यांच्या घरी जातात. जे काम नागरिक म्हणून लोक करितात ते ख्रिस्ताचे शरीर म्हणविणाऱ्या मंडळीने करू नये, हे कसे शोभेल?

म्हणून उपदेशकबंधूंस माझी विनंती आहे. ह्या आठवड्यात आपल्या मंडळीतील किती घरांत अंथरुणास खिळलेले माणूस आहे ते मोजा. मोजताना रोग्याबरोबर त्याची शुश्रूषा कोण करितो त्याचेही नाव लिहा. त्या घरी जाल तेव्हा आधी रोग्यासाठी प्रार्थना करा, आणि मग शुश्रूषा करणाऱ्यास नाव घेऊन विचारा, "तू शेवटची पुरी रात्र केव्हा निजलीस?" उत्तर ऐकून घ्या. चार भगिनी किंवा बंधू निवडा, त्यांस त्याच माणसाकडून काम शिकू द्या, आणि पाळ्या कागदावर लिहा, कारण जे लिहिलेले नसते ते बहुधा होत नाही. पुरुषांनी हे बायकांचे काम म्हणून बाजूस राहू नये. खाट उचलणारे चौघे पुरुषच होते. दहा दिवस देता येत नसतील तर एक दुपार द्या. प्रभूने नावेतला प्रवासही विसाव्यात धरिला.

रोग्यांनो, तुम्हांसही एक शब्द. तुमच्या हाती काहीच उरले नाही असे तुम्हांस वाटते. परंतु त्या सासूबाईंचे एक बोट उरले होते, आणि त्या बोटाने त्यांनी सुनेस मोकळे केले. जो तुमची सेवा करितो त्यास आनंदाने जाऊ देणे, ही सेवा तुमच्याशिवाय दुसरा कोणी करू शकत नाही.

आणि सेवा करणाऱ्या भगिनींनो व बंधूंनो, कोणी दोरास हात लावावयास आला तर त्यास 'राहू द्या' म्हणून परतवू नका. समुद्रालाही भरतीनंतर ओहोटी असते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. त्या काळात मासळीची वीण वाढते आणि कोळी जाळी नीट करितात. त्या दिवसांत कोळी आळशी झाला असे कोणी म्हणत नाही.

शेवटी ह्या पाठाचा शेवट पाहा. लोक किनाऱ्यावर उभे होते तेव्हा प्रभूस त्यांचा कळवळा आला. त्याने त्यांस हाकलून दिले नाही. विसाव्यानंतर पुनः सेवा आलीच. पण पाच हजारांस जेवू घातल्यावर त्याने शिष्यांस नावेत बसवून पुढे पाठविले, लोकांस निरोप दिला आणि स्वतः प्रार्थना करावयास डोंगरावर गेला. जो स्वतः एकांतात पित्याजवळ जाऊन बळ घेत असे, तोच आज तुम्हांस बाजूला बोलावीत आहे. त्याची नाव लहान असेल, प्रवास थोडा असेल, तरी तो स्वतः तुमच्याबरोबर त्या नावेत आहे.

आपला स्वर्गीय पिता, जो निजत नाही, तो रोग्याच्या खाटेजवळ जागा राहो, थकलेल्या डोळ्यांस झोप देवो, आणि आपल्या मंडळ्यांत खाट उचलणारे हात उभे करो. आमेन.